कोणत्या जाळीवर पास?

पट्टा हलला तेव्हा माझे दोन्ही हात मांडीवर होते.

एलेव्हेटरचा पट्टा. त्याला वीत-वीत रुंदीचे लोखंडी डबे बसवलेले असतात. डबे खाली खड्ड्यातून डाळ उचलतात आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन ओततात. त्या दुपारी खड्ड्यात दोन बायका वाकलेल्या होत्या. एक माझी धाकटी जाऊ. दुसरी सातपुड्याच्या पायथ्याकडची एक पावरा आदिवासी बाई. तळाला ओली तूर चिकटून बसली होती, ती दोघी हाताने खरवडून टोपल्यात भरत होत्या. खालच्या चाकात आणि पट्ट्यात जी फट असते तिथे डाळ सगळ्यात घट्ट बसते. जावेचा उजवा हात त्या फटीत होता.

आमच्या बायका मिलमध्ये लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, पूर्ण बाह्यांचा, भुशाने अंग खाजू नये म्हणून. आधी बाही ओढली गेली, मग हात, मग ती. पावरा बाईने तिला कमरेला धरून मागे खेचलं. खेचताना तिचा स्वतःचा डावा हात एका डब्यात आणि पत्र्याच्या काठात सापडला. जाऊ ओरडली नाही. पावरा बाई ओरडली. मी उठले आणि मुकादमाकडे धावले, तो वीस-पंचवीस पावलांवर भिंतीला टेकून उभा होता. पायात धड जोर नाही, तरी धावले. तो आला, त्याने लाल बटण दाबलं, पट्टा थांबला. किती डबे वर गेले ते नंतर पट्ट्यावर बघून मोजलं. अकरा डब्यांना रक्त होतं.

जावेला बाहेर काढायला पट्टा कापावा लागला. कापायला सुरी सापडेना. शेवटी पोती कापायचं पातं आणलं.

ती जळगावच्या सरकारी दवाखान्यात तीन दिवस होती. हात खांद्यातून गेला होता आणि छाती दबली होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आशा धरू नका, तर मी धरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वारली. पावरा बाई त्याच दवाखान्यात दुसऱ्या खोलीत होती.

मुकादमाने पोलिसांना सांगितलं की बटणापाशी बसलेल्या म्हातारीचा हात लागला. पोलिसाने माझं वय विचारलं, शिक्षण विचारलं. चौथी, मी म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं आणि मान हलवली, जणू तिथेच उत्तर मिळालं.

मी बटणापाशी का बसले होते ते सांगायला पाहिजे.

या मिलमध्ये मी तीस वर्षं काम केलं. माझं माहेर दोंडाईचाकडचं, लग्न होऊन जळगावला आले. नवरा गेल्यावर मिलमध्ये लागले, पाच-सहा वर्षांनी जाऊही विधवा झाली, तिलाही मीच चिकटवलं. तिची एकच मुलगी, ती लग्न होऊन धुळ्याला गेली. मग दोन खोल्यांत आम्ही दोघी जावा राहायचो. भांडायचो. मी पाणी तापवलं की ती ते आधी घ्यायची.

पूर्वी मिलमध्ये बटणं-बिटणं नव्हती. एक लाकडी फळी होती, तिच्यावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. ज्या बाईला खड्ड्यात उतरायचं ती आधी एलेव्हेटरचे तिन्ही किटकॅट उपसायची, पदराच्या गाठीत बांधायची आणि गाठ कमरेला खोचून खाली उतरायची. वर आली की तिनेच परत लावायचे. हा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता. मालक समोर उभा राहून घाई करत असला तरी किटकॅट बाईच्या कमरेला. एकदा एक बाई गाठ सोडायची विसरून तशीच घरी गेली आणि सगळी मिल तासभर बसून राहिली. तिला मालक काही बोलला नाही, बायका मात्र वर्षभर तिला ‘लाइटवाली’ म्हणायच्या.

मग नवं पॅनल आलं. कपाटाएवढं, काचेचं दार, आत हिरवे-लाल दिवे. त्याच्यासोबत एक छोटी पेटी होती. वरच्या कोठीत डाळ संपत आली की कोठीतला सेन्सर पेटीला कळवणार, पेटी एलेव्हेटर आपोआप चालू करणार, कोठी भरली की बंद करणार. सेन्सरपासून पेटीपर्यंत एक बारीक वायर भिंतीवरून आणली होती. माणूस लागत नाही, असं बसवणारे म्हणाले. फ्यूज होते ते आत, काचेच्या दाराआड, आणि दाराची किल्ली मालकाकडे. कमरेला बांधायला काही उरलं नाही. मेन स्विच बंद करावा तर सगळी मिल थांबते, रोलरमध्ये डाळ अडकते, ती काढायला अर्धी पाळी जाते.

म्हणून मुकादमाने तोड काढली. बाई खड्ड्यात उतरली की पेटीवरचा ‘आपोआप’चा खटका खाली करायचा, बंदचं बटण दाबायचं आणि दुसऱ्या बाईने बटणांसमोर बसायचं: चालूचं हिरवं, बंदचं काळं, सगळं थांबवायचं लाल. ती वर येईपर्यंत कोणाला हात लावू द्यायचा नाही. माझे गुडघे गेलेले, खड्ड्यात मला उतरता येत नव्हतं, तर ते काम माझ्याकडे आलं. मला एक प्लास्टिकची खुर्ची मिळाली.

जाऊ रोज एकदा तरी टोमणा मारायची. “अक्का, आते तू सायेब व्हयनी. खुर्ची भेटनी. आम्हनाकडे काय दखशी?”

मी म्हणायचे, तुमच्याकडेच बघते, उतर खाली, फार बोलू नको.

त्या दिवशीही असंच झालं. तिने टोमणा मारला, मी खटका खाली केला, बंदचं बटण दाबलं, खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले. हातात काही नव्हतं. तंबाखूसुद्धा नव्हती.

दहाव्याला तिची मुलगी धुळ्याहून आली. घाटावरून घरी आल्यावर आईची ट्रंक उघडून बसली. लुगडी काढून दोन ढीग केले, एक न्यायचा, एक टाकायचा. मी चहा केला. तो तिने घेतला नाही.

“मोठी माय,” ती म्हणाली, “बठ्ठा लोक सांगतस. तुन्हा हात लागना.”

मी म्हटलं, नाही लागला.

“मंग मशीन काय आपले आप चालू व्हयनं?”

ती न्यायचा ढीग घेऊन गेली. टाकायचा माझ्यावर सोडला. त्यानंतर तिने माझा फोन उचलला नाही.

पुढचे दोन-अडीच महिने वाईट गेले. मिलमध्ये मला कोणी घेतलं नाही ते सोडा, नळावर बायका माझ्या मागे नंबर लावायच्या आणि गप्प व्हायच्या. एकदा एक म्हणाली, म्हातारीला झोप लागली असेल. तोंडावर म्हणाली, ते बरं केलं. मी घरी खुर्ची मांडून तशी बसून बघायचे. हात मांडीवर. मग कोपर किती लांब जातं ते बघायचे. उठताना हात कुठे टेकतो ते बघायचे. दर वेळी हात मांडीवरच निघायचा. पण शंभर वेळा एकच गोष्ट आठवली की ती आठवण आहे की आपण बसवलेली गोष्ट, हे कळेनासं होतं. एका दुपारी मला वाटलं, लागला असेल. लागला म्हणून सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. मग वाटलं, खोटं सांगून कोण मोकळं होतं. नाही सांगितलं.

कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी बाई होत्या, वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी सगळ्यांना मिलच्या ऑफिसात बोलावलं. मालक, मुकादम, पॅनल बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आणि मी. पावरा बाई गावी गेली होती, तिला आणायला कोणी गेलं नव्हतं. तिचं म्हणणं पोलिसांनी दवाखान्यातच लिहून घेतलं होतं. ते दोन ओळींचं होतं, कारण तिची भाषा तिथे कोणाला नीट येत नव्हती.

कंपनीच्या माणसाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. त्यावर शिक्का होता, खाली सही होती. तो म्हणाला की अशा पेट्यांची प्रयोगशाळेत परीक्षा होते. आजूबाजूला रेडिओ असो, मोबाइल असो, वेल्डिंग असो, त्यांच्या लहरींनी पेटी बिथरत नाही ना, ते बघतात. आमची पेटी पास झालेली आहे. ती आपोआप चालू होऊच शकत नाही. मग माझ्याकडे बघून, चांगल्या आवाजातच, म्हणाला, “मावशी, तुमच्यावर राग नाही कोणाचा. वयात होतं असं.”

कागद फिरत फिरत माझ्यासमोर आला. इंग्रजी होता. मला त्यातले आकडे तेवढे कळले.

आता मी तीस वर्षं डाळ चाळली. तूर भरडली की ती जाळ्यांवरून जाते. वरची जाळी मोठ्या भोकाची, खालची बारीक. प्रत्येक जाळीला नंबर असतो. मोठ्या भोकांतून सगळंच खाली पडतं, डाळ, तुकडा, चुनी. व्यापारी येऊन ‘माल पास आहे का’ असं विचारत नाही. तो विचारतो कोणत्या जाळीवर. एखादा नवखा नुसतं ‘पास’ म्हणाला तर आम्ही बायकासुद्धा हसायचो.

तर मी विचारलं, “पास झालं म्हणता, पण कोणत्या जाळीवर?”

मालक म्हणाला, ही डाळीचं काय बोलते. मुकादम हसला. कंपनीचा माणूस आधी हसला, मग त्याने कागद स्वतःकडे ओढला आणि हसायचा थांबला. तपासणीच्या बाईंनी ते बघितलं. त्या मला म्हणाल्या, नीट सांगा. मी सांगितलं की परीक्षा म्हणजे काहीतरी कमी-जास्त असणार. थोडा धक्का, मोठा धक्का. यांनी किती मोठा धक्का देऊन पाहिलं ते कागदावर असेल तर वाचा.

कंपनीचा माणूस म्हणाला की ते टेक्निकल आहे. बाई म्हणाल्या, मला टेक्निकल वाचता येतं. त्यांनी वाचलं. वाचून कागदाची झेरॉक्स काढायला सांगितली. मला विचारलं की त्या वेळी जवळपास कोण काय करत होतं. मी म्हटलं, मुकादम वॉकीटॉकीवर गच्चीवरच्या माणसाशी बोलत होता. आभाळ आलं होतं, गच्चीवर वाळत घातलेली तूर गोळा करायला सांगत होता. मिलच्या आवाजात मोबाइल ऐकू येत नाही म्हणून वॉकीटॉकी. मुकादम म्हणाला, ते तर मी रोज बोलतो.

पंधरा दिवसांनी पुण्याहून एक माणूस आला. पन्नाशीचा, बारीक, घशाला मफलर. त्याच्याकडे दोन पेट्या आणि माशाच्या काट्यासारखी एक अँटेना होती. तो कुठल्याच बाजूचा नव्हता. त्याने माझा नमस्कार घेतला, मालकाचाही तसाच घेतला, आणि चहा नको म्हणाला.

नवा पट्टा लावलेला होता. खड्ड्यात कोणी नाही याची त्याने स्वतः उतरून खात्री केली. मग खटका खाली, बंदचं बटण दाबलं, आणि मुकादमाला म्हणाला, उभे राहा तिथे, बोला वॉकीटॉकीवर. मुकादम उभा राहिला, बोलला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा बोलला. काही नाही. कंपनीचा माणूस घड्याळ बघायला लागला.

मी म्हटलं, तो तिथे उभा नव्हता.

मुकादम म्हणाला, इथेच होतो.

“नाही. भिंतीला टेकला होतास. आवाज ऐकू यावा म्हणून यंत्र कानाशी, कान भिंतीशी. मी तुझ्याकडेच बघत होते, मला दुसरं काम काय होतं?”

त्या भिंतीवरूनच सेन्सरची वायर जाते. मुकादम टेकला. बोलायला त्याने बटण दाबलं, हॅलोसुद्धा म्हणाला नव्हता, आणि पट्टा हलला.

रिकामे डबे वर जायला लागले. त्यांचा आवाज मला माहीत आहे, तीस वर्षं ऐकला आहे. मुकादमाचं तोंड उघडं राहिलं. तो वॉकीटॉकीचं बटण सोडायचं विसरला. पुण्याचा माणूस म्हणाला, सोडा आता. मुकादमाने सोडलं. पट्टा चालतच राहिला, तो लाल बटण दाबल्यावर थांबला. पुण्याच्या माणसाने तीनदा करून बघितलं. दोनदा चालू झाला, एकदा नाही. प्रत्येक वेळी मुकादम किती अंतरावर आहे ते टेपने मोजलं, काटेरी अँटेना धरून लहर किती जोराची आहे तेही मोजलं, आणि लिहिलं. त्याच्या वहीत चालू न झालेली वेळही लिहिली होती. मला ते आवडलं.

पेटी तो पुण्याला घेऊन गेला. महिन्याभराने तपासणीच्या बाईंच्या ऑफिसात परत भेटला, मला तिथे बोलावलं होतं. मी म्हटलं, मला कळेल असं सांगा, नाहीतर सांगू नका. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. एक लोखंडी खोली, भिंतींना निळ्या फोमचे सुळके, जणू आतून काटेसावर. बाहेरची लहर आत येऊ नये, आतली भिंतीवर आपटून परत येऊ नये, म्हणून तसं. तो म्हणाला, पेटी ठेवण्याआधी रिकाम्या खोलीत सोळा ठिकाणी मोजून बघतात की लहर सगळीकडे सारखी पोचते का. मग पेटी ठेवतात, ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या जोराने लहर सोडतात, हळूहळू स्वर चढवत नेतात, आणि पेटी काय करते ते बघतात. जोर किती, अंतर किती, थांबायचं किती, हे सगळं जगभर एक ठरवलेलं असतं. मी विचारलं, कशाला एवढं. तो म्हणाला, नाहीतर एकाची पायली दुसऱ्याला चालणार नाही.

मग माप सांगितलं. घरात, दुकानात वापरायच्या वस्तूला तीनच्या जोराची लहर लावतात. कारखान्यात वापरायच्या वस्तूला दहाची. कंपनीच्या कागदावरची परीक्षा तीनची होती. कागद खरा होता, शिक्का खरा होता, पेटी खरोखर पास झाली होती. घरासाठी. त्यांनी ती मिलमध्ये बसवली. पुण्याला तीन लावल्यावर पेटी गप्प राहिली. दहा लावल्यावर एका ठरावीक स्वराला ती पुन्हा पुन्हा चालू झाली. ‘आपोआप’चा खटका खाली होता, तरी. लांब उघडी वायर लहर ओढून घ्यायची आणि पेटीला वाटायचं की हुकूम आला.

“म्हणजे माझा हात लागला नाही,” मी म्हटलं.

तो म्हणाला, “पट्टा चालू व्हायला हात लागण्याची गरज नव्हती, एवढं मी लिहून दिलं आहे. हात लागला की नाही ते मला मोजता येत नाही.”

खरा माणूस होता. दुसऱ्या कोणी माझ्या समाधानासाठी ‘नाही लागला’ म्हटलं असतं.

तपासणीच्या बाईंनी मात्र कागदात लिहिलं की माझ्यावर ठपका नाही. त्याची एक प्रत मला दिली. पुढे मालक कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी वायर बसवणाऱ्याकडे, आणि सगळे मिळून वकिलांकडे. ते अजून चालू आहे.

ती प्रत पिशवीत घालून मी धुळ्याला गेले. एस. टी.त पारोळ्यापर्यंत उभी होते. मुलीचं घर एका गल्लीत पहिल्या मजल्यावर, ती ब्लाऊज शिवते. दार तिनेच उघडलं. बस म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. मी आत जाऊन पोत्यावर बसले आणि प्रत पुढे केली. तिने ती सगळी वाचली. बारावी झालेली आहे. मधे एकदा विचारलं की वॉकीटॉकी म्हणजे कोणाकडे होता. मी सांगितलं. मग पहिल्यापासून परत वाचली.

मला वाटलं, आता रडेल. मी त्याची तयारी करून आले होते. ती रडली नाही. मशीनवरचा अर्धा शिवलेला ब्लाऊज बाजूला सारून तिने कागद तिथे ठेवला, त्यावर कात्री ठेवली, आणि म्हणाली,

“हिरवं बटन तू नही दाबं. मानं मी. पण लाल तुन्हासमोर व्हतं. ते कसाले नही दाबं?”

इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. पोलिसाने नाही, तपासणीच्या बाईंनी नाही, पुण्याच्या माणसाने नाही. सगळ्यांना पट्टा कोणी चालू केला ते हवं होतं. मीही स्वतःला तेवढंच विचारत होते. घरी खुर्ची मांडून बसायचे तेव्हा हात मांडीवर आहेत एवढं बघायचे आणि तिथे थांबायचे. त्यापुढे काय झालं ते बघायचे नाही.

लाल बटण माझ्या हातापासून दीड हातावर होतं.

मी तिला खरं सांगितलं. पेटीने चालू केलेला पट्टा बंदच्या बटणाने थांबत नाही, लालनेच थांबतो. पण लाल दाबलं की नुसता एलेव्हेटर थांबत नाही, सगळी मिल थांबते, रोलर डाळीने भरून बसतात. पॅनल नवं असताना एका बाईने भुशाचं पोतं जळतंय असं वाटून लाल दाबलं होतं. जळत नव्हतं. मुकादमाने तिला सगळ्यांसमोर झापलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती दिसली नाही. तेव्हापासून आम्हा बायकांना सांगून ठेवलं होतं की लाल बटण मुकादमाचं. काही झालं तर मला बोलवा. मला दोन वर्षं हेच सांगितलेलं. पट्टा हलला आणि मी बोलवायला गेले.

“इसरी गई व्हतीस का?” तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही. विसरले नव्हते. बटण समोर दिसत होतं. ते दाबायचं आपलं काम नाही, असं अंगात बसलं होतं. डोक्याने विचार केला असता तर दाबलं असतं. विचार केला नाही, पाय उचलले.

जाताना वीस-पंचवीस पावलं, त्याला समजेपर्यंत थोडं, त्याची येतानाची पावलं. तेवढ्यात अकरा डबे.

तिने विचारलं, लगेच दाबलं असतं तर वाचली असती का. मी म्हटलं, हात गेला असता. छाती कदाचित राहिली असती. मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं नाही, आणि आता विचारणार नाही.

ती उठली आणि पाणी आणलं. ते तिने माझ्या हातात दिलं नाही, समोर फरशीवर ठेवलं. मी प्यायले. जाताना तिने कागद परत दिला. म्हणाली, ठेव तुझ्याकडे, तुला लागेल. पुन्हा ये असं म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. आता दिवाळीला ती फोन उचलते, बोलते, ठेवते. आईबद्दल बोलत नाही.

मिलमध्ये आता लाल बटण कोणीही दाबावं असा मराठी फलक लावला आहे, आणि खड्ड्यात उतरणाऱ्या बाईला मेनची किल्ली देतात. हे मला तिथल्या बायकांनी सांगितलं. मी परत गेले नाही.

पावरा बाईच्या गावी मात्र एकदा जाऊन आले, चोपड्याच्या पुढे, डोंगराच्या तोंडाशी. ती ज्वारी खुडत होती. तिला मी कागदात काय लिहिलंय ते सांगितलं. तिने नवऱ्याकरवी मला कळवलं की हे तिने दवाखान्यातच सांगितलं होतं, की भिंतीजवळचा माणूस बोलला आणि मशीन चालू झालं. त्या दोन ओळींत ते आलं नव्हतं. मग ती परत ज्वारी खुडायला लागली. उजव्या हाताने कणीस खुडायचं आणि डाव्या कोपराने टोपली अंगाशी धरायची.

खड्ड्यात दोघी होत्या, वर मी. जाऊ मेली. पावरा बाई जगली, डाव्या हाताची तीन बोटं गेली. मला काही झालं नाही.